कर्लीच्या खाडीतील एक दुपार, मामा आणि रावस

कर्लीकाठ (धागाकर्ता)

गेल्या कार्तिकात गावी गेलो असताना मामांबरोबर कर्लीच्या खाडीत एक दुपार रावसासाठी गरवण्यात घालवली, तिच्याविषयी लिहितो. गरीने रावस धरण्यासंबंधी येथे जे प्रश्न विचारले जातात ते बहुधा रॉड कोणता घ्यावा आणि रीळ कोणते बसवावे एवढ्यावर संपतात. त्या दुपारी माझा चांगला महागडा रॉड निम्मा वेळ होडीच्या तळाशी पडून होता, आणि तो तसा का पडला हेच या लेखनाचे निमित्त आहे.

रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात हे मला फार उशिरा, पुण्यातील एका उपाहारगृहाच्या मेनूकार्डावरून समजले. साहेबाने चंदेरी अंग, दुभंगलेली शेपटी आणि गळाला लागल्यावरची धाव पाहून घरच्या आठवणीने हे नाव ठेवले असावे. प्रत्यक्षात या दोन माशांचे कुळ वेगळे आहे. मामांना हे नाव सांगितले तेव्हा त्यांनी फक्त ‘बरा’ म्हटले आणि वल्हे उचलले.

ज्यांनी कर्ली पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ही नदी सह्याद्रीतून उतरून कुडाळ तालुक्यातून येते आणि देवबागजवळ समुद्राला मिळते. नेरूरपारच्या पुलाखाली ती रुंद होत जाते, एका अंगाला आंबेरी, दुसऱ्या अंगाला वालावल, आणि काठाकाठाने कांदळवन. पावसाळा सरून डोंगराकडचे पाणी ओसरले की भरतीचे खारे पाणी बरेच आतपर्यंत चढते. त्याच्याबरोबर कोळंबी आणि बोईची पिल्ले आत येतात, आणि त्यांच्या मागावर रावस येतो. मामा तरुणपणी रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) होते, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून होडी आणि हातगरी एवढ्यावरच त्यांचे भागते.

त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. घरात चुलीवर साबुदाणा आणि आम्ही दोघे कोळंबीची बादली घेऊन निघालेलो, हे पाहून मामींनी कपाळावर हात मारला. मामांचे उत्तर तयार होते : “तोंडाचो उपास आसा, हाताचो नाय.” मासा मिळालाच तर तो दुसऱ्या दिवशी खायचा, असे ठरवून एकच्या सुमारास आम्ही होडी पाण्यात लोटली.

मामांच्या हिशेबाने आमच्या जागी पाणी अडीचच्या आसपास भरणार होते. तोपर्यंतचा वेळ, म्हणजे भरतीचा शेवटचा दीड तास, त्यांनी मला हवा तसा वापरू दिला. मी मोठ्या उत्साहाने कृत्रिम मासोळी लावून रॉडने दूरदूर फेकत राहिलो आणि हाती लागल्या दोन शिंगाळ्या. शिंगाळीच्या पाठीवरचा आणि कल्ल्यामागचा काटा किती झोंबतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला माझा उत्साह कुठे गेला हे सांगायला नको. मामा या सगळ्या वेळात गरी न टाकता बसून होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, “आदी पाणी बघ, मगे गरी.”

पाणी भरले आणि थांबले. पाचदहा मिनिटे पाण्यावरचे कांदळाचे पान जागच्या जागी गोल फिरत होते, मग हळूच त्याचे तोंड देवबागकडे वळले. मामांनी नांगराचा दगड उचलून होडी साधारण पंधरा वाव खाली, एका लहान व्हाळाच्या (ओढ्याच्या) तोंडाशी नेली. सुकती (ओहोटी) लागली की कांदळवनात शिरलेले पाणी या व्हाळातून गढूळ होऊन बाहेर पडते आणि मुख्य पात्रातील निवळ पाण्याला येऊन भिडते. दोन्ही पाणी लगेच मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये एक रेघ राहते, गोधडीच्या शिवणीसारखी वाकडीतिकडी आणि तिच्यावर फेसाचे ठिपके. गढूळ पाण्याबरोबर बाहेर लोटली जाणारी कोळंबी या शिवणीवर येते आणि रावस निवळ बाजूला तोंड वर करून तिची वाट पाहत असतो. मी तासभर ज्या पाण्यात फेकत होतो तिथे खायला काही येतच नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

आमिष लावण्याची मामांची पद्धत मी बारकाईने पाहिली. सकाळी पागून आणलेली जिवंत कोळंबी ते ओल्या हाताने उचलतात, तिच्या डोक्यावरच्या करवती काट्याच्या मुळाशी आडवा गळ घालतात, आणि तेथून आत दिसणारा काळसर ठिपका चुकवतात. त्या ठिपक्याला गळ लागला की कोळंबी तत्काळ मरते आणि पांढरी पडते. चुकवला तर ती पंधरावीस मिनिटे पाय मारत राहते. शिसे अगदी हलके, पाण्याने वाहून नेता येईल एवढेच. गरी फेकायची नसते, शिवणीच्या वरच्या अंगाला सोडायची असते आणि पाणी नेईल तसा तंगूस (गरीचा दोरा) मोकळा करीत जायचे असते.

पहिला रावस माझ्या रॉडला लागला आणि मी तो घालवला. झटका बसताच सवयीने मी रॉड जोरात मागे खेचला, रिळाचा ताण आधीच आवळून ठेवलेला होता, आणि क्षणभर जड वाटलेला तंगूस एकदम हलका झाला. गळ सरळ निघून आला होता. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातातील रॉड घेऊन तळाशी ठेवला आणि प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली आपली दुसरी हातगरी मला दिली, सोबत बोटाला गुंडाळायला धोतराची ओली चिंधी.

त्या चिंधीचे महत्त्व वीस मिनिटांनी समजले. आधी दोन हलके टिचके जाणवले, मग तंगूस बाजूला सरकू लागला, आणि मी काही करण्याच्या आत तो बोटांमधून इतक्या वेगाने धावला की ओल्या चिंधीतूनही चटका बसला. “जावंदे तेका, हात सैल सोड,” एवढे सांगून मामा आपल्या कामाला लागले. त्यांनी नांगराच्या दोराचे टोक रिकाम्या डब्याला बांधून ठेवलेले असते. तो डबा त्यांनी पाण्यात टाकून दिला, होडी मोकळी केली आणि वल्ही हाती घेतली. खालच्या अंगाला जुन्या जाळ्याच्या मेढी पाण्यात उभ्या होत्या, आणि मासा नेमका तिकडेच निघाला होता. मामा होडी वल्हवत मासा आणि मेढी यांच्या मध्ये घेऊन गेले आणि तेथे त्यांनी ती जवळजवळ जागच्या जागी धरून ठेवली, सुकतीचा ओढ असताना आणि गुडघे दुखत असताना. रावसाने एकदा पाण्याबाहेर पूर्ण उडी घेतली, दोनदा होडीखालून गेला. मी फक्त देणे आणि घेणे करीत होतो. पाव तास तरी हे चालले असेल. शेवटी तो कुशीवर आला तेव्हा मामांनी जुन्या जाळ्याची पिशवी त्याच्या पोटाखालून सरकवली.

घरी वजन केले ते सव्वादोन किलो भरले. होडीत पाहताना माझे लक्ष दोन गोष्टींनी वेधले. त्याच्या डोळ्यावर चरबीचा पारदर्शक पडदा असतो, त्यामुळे डोळा काचेमागे ठेवल्यासारखा दिसतो, आणि कल्ल्यापाशी असलेल्या पराच्या खाली चार सुटे तंतू लोंबत असतात, मिशा चुकीच्या जागी उगवल्याप्रमाणे. गळाजवळचा तंगूस पाहिला तर वीतभर अंतर खरखरीत झाला होता, कारण या माशाचे बारीक दात जबड्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत आलेले असतात आणि ते कानशीसारखे घासतात.

त्यानंतर दीड वितीचा आणखी एक लागला. मामांनी हात ओला करून त्याचा गळ काढला आणि त्याला पाण्यात सोडला. साडेपाचला आम्ही परतलो, चंद्रोदयाला अजून बराच अवकाश होता. मामींनी मासा साफ करून मीठ-हळद लावून ठेवला. पोटात गाभोळी (अंडी) नव्हती, म्हणजे तो नर असावा.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

तिथीवार

लेख आवडला. वेळेबाबत एक शंका आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता पाणी पूर्ण भरायला हवे. आपल्या मामांनी अडीच कसे धरले?

कर्लीकाठ

तिथीवार, आपला हिशेब मुंबईच्या पाण्याला बरोबर लागू पडतो. मालवणच्या किनाऱ्यावर भरती मुंबईपेक्षा आधी पूर्ण होते. मात्र समुद्रावर पाणी भरले तरी ते खाडीत वर चढायला वेळ घेते, त्यामुळे देवबागच्या तोंडाशी जी वेळ असते ती आमच्या जागी नसते. मामा तीनमधून आधी वजाबाकी करतात आणि मग बेरीज, आणि दोन्ही आकडे त्यांनी कुठे लिहून ठेवलेले नाहीत. दुसऱ्या खाडीत गेले तर तेही पहिला दिवस नुसते पान पाण्यात टाकून बसतात.

उधाण आणि भांग यांचाही विचार करावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सुकती इतकी जोरात असते की हलके शिसे तळाला टेकतच नाही, आणि सप्तमी-अष्टमीच्या भांगाला व्हाळातून पाणीच पुरेसे येत नाही, मग शिवण पडत नाही. चौथ-पंचमीचे पाणी मामांना या कामाला सर्वांत सोयीचे वाटते. संकष्टी मध्ये आली तो तिचा दोष.

मत्स्यविद्यार्थिनी

वर्णन अतिशय नेमके आहे, विशेषतः दात आणि डोळ्यावरचा पडदा. एका वाक्याबाबत मात्र दुरुस्ती सुचवते, राग नसावा. गाभोळी नव्हती म्हणून तो नर असावा, असे आपण लिहिले आहे. सव्वादोन किलोचा रावस बहुधा मादीच असणार.

रावसाचे शास्त्रीय नाव एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम. १८०४ मध्ये जॉर्ज शॉ यांनी त्याचे वर्णन केले, आणि टेट्राडॅक्टिलम म्हणजे चार बोटांचा, अर्थात ते चार तंतू. गढूळ पाण्यात जिथे डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो तिथे तो या तंतूंनी तळ चाचपतो. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. त्यामुळे मोठ्या माशांमध्ये जवळजवळ सर्व माद्या आढळतात आणि लहान माशांमध्ये नर. मादी असूनही गाभोळी न दिसण्याचे कारण सरळ आहे, ती अंडी घालून मोकळी झालेली असेल किंवा तिची अंडी अजून तयार झालेली नसतील. आपल्याकडचा जिताडा, ज्याला आपण मालवणकडे चोणक म्हणता, तोही असाच आधी नर आणि नंतर मादी होतो. गोबऱ्याच्या बऱ्याच जातींमध्ये याच्या उलट घडते, तिथे मादीचा नर होतो.

या गोष्टीचा मासेमारीशी थेट संबंध आहे. बारीक आसाच्या जाळ्याने लहान रावस काढले तर पुढे मादी होणारे मासेच संपतात, आणि फक्त मोठे काढले तर अंडी देणाऱ्या माद्या जातात. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले, त्यामागे याच प्रकारचा विचार आहे. दीड वितीचा मासा सोडून देणाऱ्या आपल्या मामांना माझा नमस्कार सांगा.

कर्लीकाठ

चूक मान्य आहे आणि दुरुस्तीबद्दल आभार. मामांना हे सांगितले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही, ही माझ्यासाठी दुसरी शिकवणी. लहान रावसाच्या पोटात गाभोळी कधीच सापडत नाही हे रापणीवरच्या सगळ्यांना ठाऊक होते, त्याचे कारण काय एवढेच कोणी विचारले नव्हते, असे ते म्हणाले.

खाडीपलीकडची

मी रत्नागिरीची असून सध्या ठाण्यात राहते, आणि मला बाजाराविषयी तक्रार करायची आहे. दोन महिन्यांपूर्वी एका दुकानातून ‘रावस’ अशी चिठ्ठी लावलेले गोठवलेले तुकडे आणले. कातडी काढलेली, काटा एकही नाही, रंग पांढराफटक. तव्यावर टाकताच इतके पाणी सुटले की मासा तळला न जाता उकडला. चव पाहिल्यावर तो बासा होता याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. दुकानदाराला विचारले तर म्हणाला, ताई, रावस आणि बासा एकाच जातीचे. बासा गोड्या पाण्यात पाळला जाणारा शिंगाळीच्या गोत्रातला मासा आहे. आपण ज्या शिंगाळ्या होडीत घेतल्या त्यांचा तो लांबचा नातेवाईक, रावसाचा नव्हे.

तेव्हापासून मी अख्खा मासा असल्याशिवाय रावस घेत नाही. नाक तोंडाच्या पुढे आलेले, तोंड खालच्या अंगाला आणि ते चार तंतू, एवढे पाहिले की फसवणूक होत नाही. तंतू पाच असतील आणि अंग काळपट असेल तर तो दाढा. तो रावसाच्या कुळातलाच आणि चवीला उत्तम, पण रावसाच्या भावाने घेऊ नये.

आणि आपल्या मामींनी दुसऱ्या दिवशी त्याचे काय केले हे आपण लिहिलेच नाही, ही लेखातील मोठी उणीव आहे.

कर्लीकाठ

उणीव भरून काढतो. मधल्या तुकड्या तांदळाच्या पिठात घोळवून तळल्या, डोके आणि शेपटीकडच्या भागाचे आंबट-तिखट तिखले केले. मी त्रिफळे घालावीत असे सुचवले, त्यावर मामींनी सांगितले की त्रिफळ बांगड्याला. रावसाला स्वतःची चव असते. यावर मालवणात मतभेद असतील, पण मी मामींच्या बाजूने आहे.

पर्थनिवासी

मी मूळचा देवगडचा, गेली बारा वर्षे स्कॉटलंडमध्ये पर्थ येथे राहतो. टे नदी घराजवळून वाहते, आणि ज्याचे नाव आपल्या रावसाला उसने दिले गेले त्या खऱ्या सॅमनसाठी मी तिच्यात काही दुपारी घालवल्या आहेत, म्हणून लिहायचे धाडस करतो.

दोन्ही माशांमधील सर्वांत मोठा फरक आपल्या शिवणीच्या वर्णनावरून माझ्या ध्यानात आला. रावस खाडीत येतो तो खाण्यासाठी, आणि सॅमन नदीत येतो तेव्हा त्याने खाणे सोडलेले असते. त्याचा जन्म गोड्या पाण्यात होतो, मग तो समुद्रात जातो, अटलांटिक सॅमन ग्रीनलंडच्या आसपासपर्यंत जाऊन तिथे एक ते तीन हिवाळे काढतो, आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परत येतो. जन्माच्या ओढ्याचा वास त्याच्या स्मरणात राहतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅस्लर आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० च्या दशकात प्रयोगांनी ही गोष्ट पुढे आणली. पॅसिफिक महासागराकडचे सॅमन अंडी घातल्यावर मरतात, अटलांटिकचे थोडे जगतात आणि परत समुद्रात जातात. समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा मासा आपल्याकडे शोधायचा तर तो पाला, म्हणजे बंगाल्यांची इलिश, जी भरूचला नर्मदेत चढते. रावस त्या वर्गात बसत नाही.

मांसाचा रंगही वेगळा. सॅमनचे मांस नारिंगी असते, कारण कोळंबीसारख्या कवचाच्या जिवांमधील अ‍ॅस्टाझँथिन हे रंगद्रव्य तो स्नायूंत साठवतो. पाळलेल्या सॅमनला तेच खाद्यातून द्यावे लागते. आपला रावस आयुष्यभर कोळंबी खातो आणि तरी आतून पांढराच राहतो.

ज्या माशाला भूक नाही त्याला गळाला लावायचे असल्यामुळे येथे आमिषापेक्षा पिसे आणि दोरे बांधून केलेली माशी वापरतात. नदीचे तुकडे मालकीचे असतात, दिवसाचे भाडे भरावे लागते, रविवारी सॅमनची मासेमारी कायद्याने बंद असते, आणि टेवरील हंगाम १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर एवढाच. ३१ मार्चपर्यंत मिळालेला प्रत्येक सॅमन सोडून द्यावा लागतो. माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांबरोबर मी गेल्या सप्टेंबरात सहा तास कमरेएवढ्या थंड पाण्यात उभा राहिलो आणि आम्हा दोघांना मिळून एकही मासा लागला नाही. ते मात्र अत्यंत समाधानी होते, कारण एक सॅमन आमच्यासमोर उडी मारून गेला होता. एवढ्यावर समाधान मानायला मला अजून जमलेले नाही.

याच नदीत ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने गरीने ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा सॅमन धरला. ब्रिटनमध्ये गरीने धरलेल्या सॅमनचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. ती वडिलांबरोबर होडीत होती, आणि मासा काठाला आणायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. आता इतके मोठे मासे राहिलेले नाहीत. २०२३ मध्ये अटलांटिक सॅमनची जगभरातील स्थिती संकटाच्या जवळ असल्याचे जाहीर झाले, आणि ब्रिटनमधील सॅमन तर थेट धोक्यातील गटात गेला.

वाशिष्ठीकाठ

धागा वाचून आमच्या चिपळूणकडच्या वाशिष्ठीत उतरण्याचा मोह कोणाला झाला तर एक सूचना देतो. या नदीत मगरी आहेत, आणि गोवळकोटच्या बाजूला त्या ओहोटीला चिखलावर ऊन खात पडलेल्या दिसतात. पाण्यात कमरेएवढे उभे राहण्याची स्कॉटलंडची पद्धत येथे चालणार नाही. गरवायचे तर होडीतून किंवा उंच काठावरून, आणि मासे साफ करायचे तर घरी.

आमच्याकडे आणखी एक अडचण असते. कोयनेच्या वीजनिर्मितीचे पाणी पोफळीकडून वाशिष्ठीत येते, त्यामुळे तिथीचा हिशेब बरोबर असूनही गोड्या पाण्याचा लोट मध्येच येतो आणि खारे पाणी खाली सरकते. अशा दिवशी रावस दाभोळच्या अंगाला शोधावा लागतो. आपल्या मामांसारखे पान टाकून बसण्याची पद्धत मी आता करून पाहणार आहे.

एक प्रश्न : कृत्रिम मासोळीला रावस लागतच नाही, असे आपले म्हणणे आहे का? मला गेल्या वर्षी दोन लागले होते.

कर्लीकाठ

तसे म्हणणे मुळीच नाही. मासोळी चुकीची नव्हती, मी ती टाकत होतो ते पाणी आणि ती वेळ चुकीची होती. दोन आठवड्यांनी, शुद्ध पंचमीला, मामांच्या परवानगीने मी त्याच शिवणीवर रॉड वापरला. रिळाचा ताण सैल ठेवला, गळाच्या वर हातभर जाड तंगूस जोडला, झटका न देता मासा धावू दिला, आणि किलोभराचा रावस मिळाला. हातगरीने बोटांना जे आधी कळते ते रॉडवर थोडे उशिरा कळते, एवढा फरक मला जाणवला. होडी मात्र त्या वेळीही मामांनीच धरून ठेवली होती. ती नसती तर तोही मेढीत गेला असता.

मगरींची सूचना महत्त्वाची आहे. नवख्याने कोणत्याही खाडीत स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय उतरू नये.

पर्थनिवासी, आपला प्रतिसाद मी मामांना रात्री पडवीत बसून मोठ्याने वाचून दाखवला. मासा नदीत उपाशी चढतो हे ऐकून ते मामींकडे पाहून हसले. ६४ पौंडांचे किलो करून सांगितले तेव्हा त्यांनी दोन्ही हात पसरून अंदाज घेतला. विक्रम कोणाच्या नावावर आहे यात त्यांना रस दिसला नाही. त्यांनी एवढेच विचारायला सांगितले आहे : दोन तास वल्ह्यावर कोण होते?

पर्थनिवासी

वडील.